जॉन न्यूटन : खलाशी आणि धर्मोपदेशक

१७४४ सालीं ब्रिटिश आरमारांत सक्तीनें भरती झालेला जॉन न्यूटन 'हारविच' या युद्धनौकेवरून पळाला, पकडला गेला आणि त्यास सर्वांदेखत फटके बसले. पुढें तो गुलामांच्या व्यापारांत शिरला. १७४८ सालीं अटलांटिकमधील वादळांत मृत्यु समोर दिसतांच त्यानें ईश्वराचा धांवा केला. लोक ही गोष्ट बहुधा येथेंच संपवितात. मला ती येथून सुरू होते असें वाटतें. कारण या पालटानंतरहि तो गुलामांच्या जहाजांवर राहिला, कप्तान झाला! वर रविवारची उपासना चाले. खालीं साखळदंडांत जखडलेलीं माणसें असत. १७५४ सालीं समुद्र सुटला तोहि आजारामुळें, पश्चात्तापामुळें नव्हे.

१७६४ सालीं तो धर्मोपदेशक झाला. तरीहि या व्यापाराविरुद्ध त्याची लेखणी उघडपणें चालली ती १७८८ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं. त्या पुस्तिकेंत त्यानें स्वतःचा वांटा लपविला नाहीं. पुढें पार्लमेंटच्या चौकशींत साक्षहि दिली. ब्रिटिश गुलामव्यापार बंद करणारा कायदा १८०७ च्या मार्चमध्यें झाला. त्याच डिसेंबरमध्यें, दृष्टि जवळजवळ गेलेला हा ब्याऐंशी वर्षांचा वृद्ध लंडनमध्यें वारला.