घरचा संगणक, गाणे आणि कान



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार कायद्यांवर काही ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. घरच्या संगणकावर गाणे उत्तम कसे ऐकावे, ह्यावर बोलतो असे सांगताच ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. तीस वर्षे कारखान्यांच्या दरवाजांवर भाषणे करून ज्याचा घसा बसला, त्याने गाण्यावर बोलावे हे विपरीत खरेच. शिवाय आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही आले ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि चुका करून आले. कोणी जाणकार समोर असतील तर आमचे चुकल्यास त्यांनी सभा संपल्यावर आमचा कान धरावा. विषय कानाचाच आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. आमचे वडील साचेखात्यात विणकर होते आणि आम्ही बारा वर्षांचे होतो. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जपानात पहिली कॉम्पॅक्ट डिस्क आणि ती वाजवणारे यंत्र विक्रीस आले. त्या ऑक्टोबरात आमच्या घरी तांदूळ उसने आणलेले होते, त्यामुळे ह्या दुसऱ्या घटनेची वार्ता आमच्यापर्यंत पोहोचायला आणखी वीस वर्षे लागली. परंतु गाणे आकड्यांत लिहिता येते ही गोष्ट त्या तबकडीने घरोघर नेली, आणि आकडे म्हटले की संगणक आलाच.

गाणे आकड्यांत लिहितात कसे? हवेचा दाब कमीजास्त होतो म्हणून आपल्याला ऐकू येते. मायक्रोफोनातून येणाऱ्या त्या चढउताराची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करायची, आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पातळ्यांपैकी एकीवर लिहायची. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट. खात्यात मुकादम फेरी मारतो तसेच हे आहे. तो दिवसातून एकदाच फिरला तर मधल्या वेळात काय झाले ते त्याला कळत नाही. पुरेशा वेळा फिरला तर काही सुटत नाही. पुरेशा म्हणजे किती, हे १९२८ साली हॅरी नायक्विस्टच्या गणितात आले आणि १९४९ साली क्लॉड शॅननने पक्के मांडले. जे कंपन टिपायचे त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर मूळ लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. तरुण, निरोगी कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी मोकळी जागा. मग नेमके ४४,१००च का? सुरुवातीला हे आकडे व्हिडिओ टेपवर साठवीत असत. चित्राच्या एका भागात २४५ ओळी, दर ओळीवर ३ मोजण्या, सेकंदाला असे ६० भाग. गुणाकार घरी करून पाहा.

दोन मोजण्यांच्या मध्ये खाचा राहतात, असे जिन्याच्या पायऱ्यांचे चित्र काढून दुकानदार दाखवतात. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. बाहेर येणारी लहर पायऱ्यापायऱ्यांची नसते, अखंड असते.

आता संगणकाचे काम ते काय? फाइलमधले आकडे न बदलता बाहेर पोहोचवायचे, एवढेच. हमालाने पोते मुक्कामी न्यावे, वाटेत उघडून त्यात हात घालू नये. आपला संगणक हात घालतो, ही तक्रार आहे.

पहिला हात खरे म्हणजे आपलाच असतो. आपण फाइलच कमी दर्जाची आणतो. एम्पीथ्री कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून देते. १२८ किलोबिटची एम्पीथ्री म्हणजे मूळ मालाचा अकरावा हिस्सा, आणि झांजेच्या वा टाळ्यांच्या कडकडाटाच्या वेळी हे उघडे पडते. ३२० किलोबिटची मात्र आम्हांला मूळ गाण्यापासून वेगळी ओळखता येत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरीही साठवून ठेवायचे तर पूर्ण ठेवावे. २००१ साली फ्लॅक नावाची पद्धत निघाली. ती फुकट आहे, कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. गोधडीची घडी घालावी तशी ती फाइल निम्म्याच्या आसपास लहान होते, आणि उलगडली की एक बिटही इकडचा तिकडे झालेला नसतो. घरातल्या सीडी एकदा अशा उतरवून घ्याव्यात, आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. महिन्याच्या वर्गणीवर मिळणारे गाणे वाईट असते असे नाही, पण ते भाड्याच्या खोलीसारखे आहे. भाडे थांबले की कुलूप.

दुसरा हात विंडोजचा. टपालाची घंटी आणि भीमसेन जोशी ह्या दोघांना ती एकाच नळात सोडते, आणि त्यासाठी ४४,१०० चे बहुधा ४८,००० करून घेते. हा हिशेब आता बराच चोख होतो, त्याचा फार बाऊ करू नये. परंतु आवाज 'सुधारण्याची' जी बटणे मुळातच चालू असतात ती आधी बंद करावीत. फूबार २००० सारखा मोफत प्लेअर घेऊन त्यात 'एक्स्क्लुझिव्ह' ही सोय निवडली, की गाणे वाजत असेपर्यंत त्या वाटेवर दुसरा कोणी येत नाही.

तिसरी गोष्ट विजेची. संगणकाच्या पेटीत पंखा, वीजपुरवठा, पडद्याचे कार्ड अशी सगळी मंडळी एकाच चाळीत राहतात. हेडफोन लावून माउस हलवा. पुष्कळ संगणकांत किर्र असा आवाज येतो. त्यावर उपाय म्हणजे आकड्यांपासून विजेची लहर करण्याचे काम पेटीबाहेर न्यायचे. त्या छोट्या डबीला डॅक म्हणतात, ती यू.एस.बी.ला लागते. आमची दोन हजार रुपयांची आहे आणि संगणक एका कचेरीने मोडीत काढलेला. लॅपटॉपवर गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून पाहा; पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

एवढे झाल्यावर आम्ही थांबायला हवे होते. पण माणूस लोभी. एका दुकानात आम्हांला यू.एस.बी.ची साडेचार हजारांची तार दाखवण्यात आली. ह्या तारेने तानपुरा 'उघडतो' असे सांगितले. आम्ही घेतली, आणि लाज वाटते, पण आम्हांला तो उघडलेला ऐकूही आला! घरी सांगण्याचे धाडस झाले नाही. युनियनच्या कचेरीतला एक सहकारी मात्र हट्टी. तो म्हणाला, "साहेब, कारखान्यात हात वर करून मत घेतलं तर मालकाचा माणूस बघत असतो म्हणून आपण गुप्त मतदान मागतो. मग इथं उघड मतदान कसं चालेल?" त्याने आम्हांला पाठमोरे बसवले आणि नाणे उडवून तारा बदलल्या. वीस फेऱ्यांत आमची नऊ उत्तरे बरोबर आली. नाण्यानेही तेवढेच केले असते.

पुढे वाचनात आले की अमेरिकेत मेयर आणि मोरान ह्या दोघांनी असेच गुप्त मतदान मोठ्या प्रमाणावर घेतले होते. त्यांनी सीडीहून वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रिका वाजवल्या आणि मध्येच तो आवाज सीडीच्या मापातून गाळून काढला. ५५४ वेळा विचारले, २७६ उत्तरे बरोबर आली. २००७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ह्यावर वाद झाले आणि होत राहतील. आमच्यापुरता निकाल लागला. पैसे असतील तर ते स्पीकरवर किंवा हेडफोनवर घालावेत; तेथे फरक डोळे मिटूनही कळतो.

आणि खोलीवर. स्पीकर कोपऱ्यात दडपला की तबल्याचा डग्गा घुमतो, म्हणून तो भिंतीपासून हातभर पुढे घ्यावा. संगमरवरी दिवाणखान्यात गाणे ठणठण वाजते. उलट आमच्या चाळीच्या खोलीत दोरीवरचे कपडे, गाद्यांची चळत आणि माणसे असतात. ती उडालेला आवाज पिऊन टाकतात. श्रीमंतांना पैसे देऊन जे करून घ्यावे लागते ते आम्हांला गरिबीने फुकट दिले.

आता शेवटच्या यंत्राकडे येतो. ते बाजारात मिळत नाही.

वडिलांनी चोवीस वर्षे साचेखात्यात काढली. धोट्यांचा तो आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आठ तासांच्या पाळीला आपल्याकडील नियमांत ९० ची मर्यादा. खात्यात बोलणे हातवाऱ्यांवर आणि ओठांवर चाले. अशा आवाजाने प्रथम ४,००० कंपनांच्या आसपासचे ऐकणे जाते, आणि आतील पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. वडील भजनी मंडळात टाळ वाजवीत. आम्ही ही सगळी सिद्धता करून त्यांच्या आवडत्या अभंगांची सीडी मोठ्या ऐटीत लावली. ऐकून ते म्हणाले, "बुवा बरा आहे रे, पण ह्यात टाळ का नाहीत?"

टाळ होते. आम्हांला स्वच्छ ऐकू येत होते.

कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ह्या बहिरेपणाचे नाव रोग म्हणून आलेले होते. आम्ही एवढे वेतनकरार केले, बोनससाठी दरवाजासभा घेतल्या. कानांची तपासणी ही मागणी आमच्या एकाही पत्रकात नव्हती. ती आम्हांला कोणा डॉक्टराने वा वकिलाने सुचवली नाही, त्या सीडीने सुचवली. त्यानंतरच्या प्रत्येक मागणीपत्रात ती आहे. दोन ठिकाणी ती मान्य झाली, इतर ठिकाणी हसून बाजूला सारली गेली.

त्या रात्री आम्ही प्लेअरमधल्या इक्वलायझरवर ३,००० ते ६,००० चा पट्टा हळूहळू ८ डेसिबल वर नेला आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच खाली घेतली. मेलेल्या पेशी त्याने उठत नाहीत; ज्या थोड्या शिल्लक होत्या त्यांच्यापर्यंत काही पोहोचले. वडिलांची बोटे मांडीवर हलू लागली. मग म्हणाले, "आवाज कमी कर, शेजारचा रात्रपाळी करून झोपलाय." २०१९ साली ते गेले.

तो संगणक आणि ती डबी आम्ही आज बरोबर आणली आहे. दोन्ही ताराही आहेत. ज्यांना गुप्त मतदान करून पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर मागच्या खोलीत यावे. गिरणीत काम केलेले कोणी असतील तर त्यांनी आधी यावे; वडिलांसाठी लावलेले ते माप आम्ही पुसलेले नाही.