पाहुणे आणि थरांचे केळ्याचे पुडिंग
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पाहुण्यांसाठी करता येईल अशा एखाद्या सोप्या गोड पदार्थावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. आपल्या मंडळात माझ्याहून सुगरण बायका पुष्कळ आहेत. त्यांच्या पुरणपोळीपुढे आणि उकडीच्या मोदकांपुढे मी आज जे सांगणार आहे ते अगदी गरीब दिसेल. त्याला ओव्हन लागत नाही, पाकाची तार पाहावी लागत नाही आणि कढईपुढे घाम गाळावा लागत नाही. केळी, दूध, बिस्किटे आणि कस्टर्ड पावडर एवढ्यावर काम भागते. तरीही मी हाच पदार्थ निवडला, तो केवळ चवीसाठी नव्हे. तो आदल्या रात्री करून ठेवता येतो, म्हणून निवडला.

ज्यांचे घर लोणावळ्यात किंवा मावळात आहे, त्यांना पाहुणे म्हणजे काय ते मी सांगायला नको. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला येणारे असतात, उन्हाळ्यात थंड हवेसाठी येणारे असतात, आणि पाऊस एकदा लागला की भुशी धरण पाहायला मुंबई आणि पुणे दोन्हीकडून माणसे निघतात. त्यांतले चार जण आपले नातलग असतातच. "धरणावर गेलो होतो, म्हटलं जाता जाता तुला भेटून जावं," असे म्हणत ओलेचिंब होऊन दारात उभे राहतात. आपल्यालाही आनंद होतो. मग आपण काय करतो? त्यांना टॉवेल देतो, चटईवर बसवतो आणि स्वतः स्वयंपाकघरात नाहीशा होतो. भजी तळायची, चहा टाकायचा, जेवणाचे पाहायचे आणि शेवटी काही गोड हवे म्हणून शिरा परतत उभे राहायचे. बाहेर हसण्याचे आवाज येत असतात, आणि ज्या घरात ते हसणे चालले आहे त्या घरची बाई मात्र भिंतीपलीकडे असते.

माझ्या सासूबाईंची एकच धाकटी बहीण होती, दादरला राहणारी. दोघींची भेट वर्षा-दोन वर्षांनी व्हायची. एका श्रावणात मावशी दिवसभरासाठी आल्या. सासूबाईंनी बहिणीसाठी काय काय केले! नारळीभात केला, अळूवड्या केल्या, परत जाताना बरोबर देण्यासाठी करंज्या केल्या. मावशी मधूनमधून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसत आणि म्हणत, "अगं, जरा बाहेर ये ना." त्यावर सासूबाई म्हणत, "ही एवढी झाली की आलेच." अखेर संध्याकाळची गाडी जवळ आली तेव्हा त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. बोलायचे ते सगळे स्टेशनच्या वाटेवर, छत्रीत. पुढच्या श्रावणापर्यंत मावशी राहिल्या नाहीत. सासूबाई पुढे कितीतरी वर्षे म्हणत, "करंज्या काय, बाजारात मिळतात."

भगिनींनो, मी पाहुणचार कमी करा असे सांगत नाही. पाहुणचारातला एक मोठा भाग आदल्या रात्रीवर ढकला, एवढेच सांगते. आणि त्यासाठी हे पुडिंग फार सोयीचे आहे, कारण ते ताजे ताजे चांगले लागतच नाही. रात्रभर मुरले की मगच त्याला चव येते.

हा पदार्थ मूळचा आपला नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो घरोघरी होतो. एकोणिसाव्या शतकात तिकडे केळे म्हणजे बोटीने परदेशातून येणारे नवलाईचे फळ होते. इंग्रज लोक केक, फळे आणि कस्टर्ड यांचे थर देऊन ट्रायफल करतात. त्याच धर्तीवर तिकडच्या बायकांनी हे नवे फळ वापरले. १८८८ साली तिथल्या 'गुड हाउसकीपिंग' मासिकात अशा पुडिंगची कृती छापून आली होती. पुढे केकच्या जागी व्हॅनिलाची बिस्किटे आली. तिकडे काही घरांत वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस घालून तो भट्टीत भाजतात. आपण ते सोडून देऊ. आपल्याकडे केळे नवलाईचे नाही, सत्यनारायणाच्या प्रसादापासून शिकरणापर्यंत ते रोजचेच आहे. म्हणून तर हा पदार्थ आपल्या घरात इतक्या सहज मिसळतो.

अंड्याची शंका पुष्कळजणींना येईल. कस्टर्ड म्हटले की अंडे आलेच, असा समज असतो. परंतु डब्यातली कस्टर्ड पावडर ही मुळी अंडे टाळण्यासाठीच जन्माला आली. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचे औषध-विक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. म्हणून त्यांनी १८३७ साली मक्याच्या सत्त्वापासून बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. आज आपल्याला मिळणाऱ्या पावडरीतही मुख्यतः मक्याचे सत्त्व, रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो. तरी डब्यावरचे लेबल एकदा वाचून घ्यावे. काही कृतींत जिलेटिन घालतात; ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले असते. आपल्या पुडिंगला त्याची गरज नाही.

बिस्किटे साधी ग्लुकोजची घ्यावीत. विलेपार्ल्याच्या कारखान्यात १९३९ पासून बिस्किटे होऊ लागली आणि हळूहळू ती गावोगावच्या दुकानात पोहोचली. तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला; पण लोकलने पार्ल्यावरून जाताना येणारा तो गोड, भाजका वास आपल्यातल्या कितीजणींना आठवत असेल! आपल्या लोणावळ्याच्या दृष्टीने यात आणखी एक फायदा आहे. पावसाळ्यात इथे मीठ ओले होते, पापड वातड होतात आणि बिस्किटाचा पुडा एकदा फोडला की दुसऱ्या दिवशी बिस्किटे मऊ पडतात. चहाबरोबर ती कोणी खात नाही. पुडिंगमध्ये मात्र बिस्किटांनी मऊच व्हायचे असते. वास आणि चव चांगली असेल, तर मऊ पडलेली बिस्किटे इथे खुशाल वापरावीत.

आता कृती. दहा-बारा माणसांसाठी १ लिटर दूध, ६ ते ७ सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर, साधारण १०० ग्रॅम साखर, ६ पिकलेली केळी आणि पाव किलो ग्लुकोज बिस्किटे घ्यावीत. म्हशीचे दाट दूध असेल तर ६ चमचे पुरतात. गाईचे असेल तर ७.

दुधातले एक वाटीभर थंड दूध बाजूला काढून त्यात पावडर कालवावी. हे दूध थंडच हवे. गरम दुधात पावडर टाकली की पिठाचा वरचा भाग तेवढ्यात शिजतो, आतला कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात. उरलेले दूध जाड बुडाच्या पातेल्यात साखर घालून तापवावे. उकळी आली की आच मंद करून कालवलेले दूध एका हाताने धार धरून ओतावे आणि दुसऱ्या हाताने सारखे ढवळत राहावे. दाट झाले म्हणजे लगेच उतरवू नये. बुडबुडे येऊ लागल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे शिजू द्यावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. डावाच्या पाठीला चांगला थर धरला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, म्हणजे झाले. वरून थोडे जायफळ किंवा वेलदोड्याची पूड घालावी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. चव पाहिलेला उष्टा चमचा पुन्हा पातेल्यात घालू नये. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न सोडा; आपल्या लाळेत पिष्ट पदार्थ पचवणारा रस असतो, आणि तो मिसळला की घट्ट कस्टर्डही पातळ होऊ लागते. जुन्या बायकांचा उष्ट्याचा नियम इथे शास्त्रालाही धरून आहे.

कस्टर्ड कोमट होईपर्यंत अधूनमधून ढवळावे, म्हणजे वर साय धरत नाही. मग थर द्यावेत. काचेचा खोल वाडगा असेल तर थर बाहेरून छान दिसतात; नसेल तर स्टीलचा डबाही चालतो. तळाला थोडे कस्टर्ड, त्यावर बिस्किटे, त्यावर केळ्याच्या चकत्या, पुन्हा कस्टर्ड. असे तीन थर पुरेत. केळी आधी कापून ठेवू नयेत. हवा लागली की ती काळी पडतात. थरापुरतीच कापावीत, त्यांवर लिंबाचे चार थेंब चोळावेत आणि लगेच कस्टर्डने झाकून टाकावीत. सगळ्यात वर कस्टर्डच यावे, एकही चकती उघडी राहू नये. हौस असेल तर पाव किलो चक्का पिठीसाखर घालून फेटावा आणि कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावर त्याचा शेवटचा थर द्यावा. श्रीखंडाची किंचित आंबट चव गोडाला तोलून धरते. वाडगा झाकून निदान ४ तास, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा.

केळ्यांची निवड हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. साल पिवळी आणि तिच्यावर बारीक तपकिरी ठिपके, अशी केळी उत्तम. देठाशी हिरवी असतील तर ती तुरट लागतात. फार मऊ झाली असतील तर थरात लगदा होतो. पावसाळी गारठ्यात इथे केळी लवकर पिकत नाहीत, म्हणून दोन-तीन दिवस आधी आणावीत आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावीत. फळातून निघणारा पिकवणारा वायू तिथे कोंडून राहतो आणि केळी लवकर तयार होतात. मावळात तांदळाचा डबा नाही असे घर कुठे आहे? कच्ची केळी फ्रीजमध्ये मात्र ठेवू नयेत. थंडीने साल काळी पडते आणि आत ती धड पिकत नाहीत.

आपल्या गावाची खूण म्हणून मी शेवटी यावर शेंगदाण्याची चिक्की कुटून पेरते. पण ती वाढण्याच्या वेळीच. आधी घातली तर तिला पाणी सुटते आणि कुरकुरीतपणा जातो. मुंबईचे पाहुणे चिक्की विकत नेतातच. ती अशी पुडिंगवर आली की त्यांना मोठी गंमत वाटते.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी. हा दुधाचा पदार्थ आहे, तो बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पावसात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा फ्रीजचे दार उघडू नये. बंद राहिला तर आत साधारण ४ तास गारवा टिकतो. त्याहून अधिक वेळ वीज गेली तर मोह धरू नये. केलेले पुडिंग दुसऱ्या दिवशी संपवावे. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी ऐनवेळी ताजे शिकरण करावे, त्यात कमीपणा काही नाही. उपवासाच्या पाहुण्याला हे चालणार नाही, कारण यात गहू आणि मका दोन्ही आहेत. मधुमेह असलेल्यांना आग्रह करू नये. आणि दूध-केळे एकत्र खाऊ नये असे आयुर्वेदाला धरून मानणारी वडील मंडळी घरात असतील, तर त्यांच्याशी वाद न घालता त्यांना नुसते केळे द्यावे.

शेवटचा मुद्दा हा की, थर देण्याचे काम एकटीने करण्याचे नाही. दूध आपण आटोपावे. बिस्किटे लावायला मुलांना बसवावे आणि केळी कापायला घरच्या पुरुषमंडळींना. बिस्किटे थोडी कमी पडतील, ती कुठे गेली ते विचारू नये. ज्याने थर लावला तो दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना वाढायलाही हौसेने पुढे येतो, असा माझा अनुभव आहे.

बहिणी, भाचरे, जुन्या मैत्रिणी आपल्याकडे येतात त्या डोंगर आणि धबधबे पाहायला येतात, हे खरे. पण त्या आपल्या दाराशी थांबतात त्या आपल्यासाठी. त्यांना काय खायला घातले ते त्या कालांतराने विसरतील; आपण त्यांच्याशेजारी बसून काय बोललो, ते लक्षात राहील. वाडगा थंड होऊन तयार असेल तर आपल्याला बसता येईल. येत्या रविवारी कोणी येणार असेल, तर शनिवारी रात्री एवढे करून पाहावे, ही माझी विनंती.