थंडीत फोम का उठत नाही?

आपल्या वाशी-भूम पट्ट्यात दूध आणि खवा म्हणजे घराघरातला पैसा. दूध डेअरीच्या कूलरमध्ये जातं, ४ अंशांपर्यंत गार होतं. बाहेर मे महिन्यात ४० अंश! मधे काय असतं? दोन पत्र्यांमधला पिवळसर, कडक फोम. कामावर त्याला 'पफ' म्हणतात, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला.

यात दोन द्रव असतात, पॉलिओल आणि आयसोसायनेट. ढवळले की दोन कामं एकदम सुरू होतात. दोघं एकमेकांना जोडून जाळं बनतं आणि फोम घट्ट होतो. शिवाय आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि फोम फुगतो.

आता ढोकळा आठवा. सोडा टाकला आणि वाफ द्यायला उशीर केला, तर गॅस उडून जातो, ढोकळा बसतो. फोमचंही तसंच. गॅस आधी, घट्टपणा नंतर, तर फोम खाली बसणार. घट्टपणा आधी, तर कोपरे रिकामे राहणार.

हा मेळ बसवतो कॅटॅलिस्ट, आपल्या पुस्तकातला उत्प्रेरक. बालाघाटाचा डोंगर चढण्याऐवजी खिंडीतून वाट काढून द्यावी, तसं त्याचं काम. काही अमाईन फुगण्याला जोर देतात, कथिलाची संयुगं घट्ट होण्याला.

आता माझी फजिती ऐका. डिसेंबरची सकाळ होती. ड्रम रात्रभर उघड्यावर, फोम काही उठेना. मिस्त्रीकाका म्हणाले, "टाक की अजून थोडं कॅटॅलिस्ट!" टाकलं. दुपारी ऊन तापलं आणि तोच माल ओतता ओतताच घट्ट व्हायला लागला. बाहेरून पॅनेल चकाचक. पावसाळ्यात मात्र त्याच कोपऱ्यांवर घाम सुटला, कॉम्प्रेसर थांबेचना. पत्रा उघडला तर आत पोकळी! वीजबिल मालकाचं वाढलं, पण चूक आमची होती.

कारण साधं आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे थंडीत औषध वाढवायचं नाही, आधी ड्रम २०-२५ अंशांवर आणायचे.

आणि कप टेस्ट करा. कागदी कपात थोडा माल ढवळा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. रंग फिका होऊन माल उठायला लागला तो क्रीम टाइम. काडी लावून ओढली की तार सुटते तो जेल टाइम. मग उठणं थांबतं, शेवटी चिकटपणा जातो. चारही वेळा लिहून ठेवा, कंपनीच्या कागदाशी ताडून बघा. पूर्वी फुगवायला एचसीएफसी-१४१बी वापरत. ओझोनसाठी भारतानं ते १ जानेवारी २०२० पासून बंद केलं. त्यामुळे काकांची जुनी मापं आता चालतीलच असं नाही.

शेवटचं, पोरांनो. स्प्रे मारताना नाकाला नुसता रुमाल बांधू नका. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनंही दम लागतो. योग्य मास्क, हातमोजे, चष्मा मागून घ्या. मिळाला नाही तर काम थांबवा. मालकाचा पत्रा पुन्हा उघडता येतो, आपली छाती नाही.

भेटू पुढच्या भागात.