मैदानावरची घागर

(समाजाच्या कुरुंदवाड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'विद्यार्थिदशेतील आठवणी' हा विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिला आहे. वर्गातील आठवणी सर्वांच्या थोड्याफार सारख्याच असतात. म्हणून कोल्हापुरात महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांवर आम्ही मुलांनी जी चाकरी केली, तिची हकीकत सांगतो.

१९६० च्या सुमारास कुरुंदवाडची आम्ही चार शिंप्यांची मुले कोल्हापुरात एका वसतिगृहात राहून हायस्कुलात शिकत होतो. इकडे संगमाकाठच्या वाळवंटात आम्ही जो चेंडू खेळलो, तो दुकानातील चिंध्यांचा, वरून जाड दोऱ्याने शिवलेला. खरा फुटबॉल पाहिला तो कोल्हापुरात. त्या नगरीत खेळाचे वेड असे की, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावांत आजही 'तालीम' हा शब्द आहे. कुस्तीच्या आखाड्याशेजारीच हा परदेशी खेळ वाढला. महाविद्यालयांच्या संघांतही याच पेठांतील तरुण असत. त्यामुळे सामना कॉलेजांचा आणि ईर्षा पेठांची, असा प्रकार होई.

आमचे काम सामन्याच्या दोन तास आधी सुरू होई. दोरी ताणून फक्कीच्या रेषा मारावयाच्या, कोपऱ्यांवर निशाणे रोवावयाची, मध्यंतरासाठी लिंबाच्या फोडी करावयाच्या आणि विहिरीवरून पाण्याची घागर भरून आणावयाची. मोबदला माणशी चार आणे. नवे पैसे १९५७ सालीच आले होते, पण आमच्या तोंडी आणेच होते. त्या काळच्या चेंडूत रबरी ब्लॅडर असे. तो फुगवून चामड्याची वादी दाभणाने ओढून आवळावी लागे. वादीची गाठ वर राहिली तर डोक्याने चेंडू मारणाऱ्याच्या कपाळास ओरखडा येई. हे काम आमच्या हाती आपोआप आले. फाटलेले सदरेही येत. एकदा मध्यंतरात एका खेळाडूचा सदरा अंगावरच टाचावा लागला. अंगावरचे शिवू नये, शिवलेच तर दातांत काडी धरावी, हा संकेत आपणांस ठाऊकच आहे. तो उंचापुरा गडी गवताची काडी चावीत उभा राहिला आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या.

वादाचे कारण मात्र घागर ठरली. घागर एक, जर्मनचा पेला एक आणि खेळाडू सर्व जातींचे. सामना रंगात असता पेला कोणाचा, हे पाहण्यास कोणास सवड? आपल्यातील एका वजनदार गृहस्थांनी मात्र ते पाहिले. आपली मुले वाटेल त्याचा उष्टा पेला विसळतात, असे पत्र कुरुंदवाडास आले. चौघांपैकी सर्वांत हुशार जो, त्याचे वडील नव्हते. त्याची फी समाजाच्या मदतनिधीतून जात असे. 'वर्तणूक समाधानकारक नाही' एवढ्या तीन शब्दांवर ती मदत थांबली.

सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असा हुकूम शाहू महाराजांनी १९१९ सालीच काढला होता. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली तीही त्यांच्याच आश्रयाने. त्याच शहरात चाळीस वर्षांनी हे घडले.

आमचे तीर्थरूप अबोल होते. दुकानातील मशीन थांबवून ते त्या गृहस्थांकडे गेले आणि एवढेच म्हणाले, "अण्णा, मंगळवेढ्याहून चोखोबांच्या अस्थी महाद्वारी कोणी आणल्या?" नामदेवरायांचे नाव अण्णांनी घेतले नाही, आणि मदतही सुरू झाली नाही.

मग त्या हंगामात आम्ही चौघांनी सामन्यांचे पैसे एकाच डब्यात टाकले. सदऱ्यांच्या पाठीवर आकडे शिवण्याचे काम मागून घेतले. एका आकड्यास दोन आणे. तेवढ्यावरही फी पुरी होईना, तेव्हा उरलेली रक्कम त्या खेळाडूंनीच आपसांत वर्गणी करून भरली. पैसे देणाऱ्यांत कोण कोणत्या जातीचा, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. तो मुलगा मॅट्रिक झाला, पुढे शिक्षक झाला. आपल्यांपैकी काहींची मुले त्याच्या हाताखाली शिकली आहेत.

आता आकडे यंत्रावर छापले जातात आणि पाणी बाटल्यांतून येते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आम्ही रात्री जागून दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. लक्ष मात्र रेषेबाहेरच्या पोरांकडे जात होते.

मदतनिधीच्या आजच्या छापील अर्जात 'अर्जदाराच्या वर्तणुकीबद्दल ज्ञातीतील प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारस' हा रकाना अद्याप आहे. तो काढून टाकावा, असा ठराव दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनास कोणी उभे राहील, तर आम्ही ऋणी होऊ.