तेराव्यानंतरचा हात

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही, ते सीआरपी ताई सांगतीलच. मला बोलायचंय आपल्या गटांतल्या ज्या बायांचे मालक गेलेत त्यांच्याबद्दल. त्यांची पेन्शन, वारस नोंद, सातबारा यावर आपण बऱ्याचदा बोललो आणि पुढंही बोलू. पण एक गोष्ट दरवेळी राहून जाते, कारण ती बोलायला आपण लाजतो. ती म्हणजे स्पर्श. माणसाला माणसाचा लागणारा मायेचा हात.

नवरा जातो त्या दिवशी घर बायांनी भरून जातं. येईल ती गळ्यात पडून रडते. कुणी पाणी पाजतं, कुणी पाठीवरून हात फिरवतं, रात्री कुणी ना कुणी शेजारी निजतं. दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात. त्यानंतर त्या बाईला कोण हात लावतं? जरा आठवून बघा.

आपण गावच्या बाया एरवी एकमेकींना कधी हात लावतो, त्याचा हिशोब मांडू. हळदी-कुंकवाला एकीचं बोट दुसरीच्या कपाळाला लागतं. बांगड्या भरताना कासार हात दाबून, चोळून बांगडी चढवतो. लग्नात नवरीला हळद लावतो. डोहाळजेवणाला ओटी भरतो. बारशाला बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातं. पंचमीला हात धरून फुगडी घालतो. आता सांगा, यातल्या कुठल्या कार्यात विधवा बाईला मागं बसवतात? जवळजवळ सगळ्याच! तिचा मान गेला हे आपल्याला दिसतं. पण तिला हात लागायच्या जेवढ्या जागा होत्या, तेवढ्या सगळ्या आपण एका दिवसात बंद केल्या, हे दिसत नाही. घरात नवऱ्याचा हात गेला आणि बाहेर गावाचाही गेला.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. लगेच १७ मे रोजी राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. फार मोठं काम झालं. पण ठरावानं काय थांबतं? बांगडी फोडणारा हात थांबतो. पाठीवर फिरणारा हात ठरावानं येत नाही. तो आपणच द्यायचा आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? दोन वेळचं जेवण मिळतंय ना? बाळ कमी वजनाचं जन्मलं तर आशाताई काय सांगते? उघड्या छातीशी धर. त्या उबेनं त्याचा श्वास लागी लागतो, ते शांत झोपतं. मोठ्या माणसाचं शरीर काही वेगळं नसतं. बाळंतपणात कळा यायला आणि पुढं दूध उतरायला मदत करणारं ऑक्सिटोसिन मायेच्या स्पर्शानंही अंगात पाझरतं. मग घाबरं मन थोडं निवतं. वीस-तीस वर्षं शेजारी झोपणारं माणूस गेलं की रात्री हात आपोआप त्या बाजूला जातो. त्यात पाप नाही, लाज नाही. तरण्या बाईला पुन्हा संसार करावासा वाटला, तर तेही लाजेचं नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ सालीच मान्यता दिली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी लग्न केलं. आपण अजून कुजबुजत का बसलोय?

आमच्या गटातल्या एक मावशी दर आठवड्याला बीपी तपासायला जायच्या. बीपी चांगलं असायचं. एक दिवस त्याच हसून म्हणाल्या, तेवढाच दंड कुणीतरी धरतं गं. आम्ही सगळ्या गप्प झालो.

दोन गोष्टी जपून करायच्या. पहिली, विचारून हात लावा. "जवळ बसू का? वेणी घालू का?" असं विचारा. काहींनी नवऱ्याच्या हातचा मारच खाल्लेला असतो. अशा बाईला हात पुढं आला की दचकायला होतं. तिला नुसती सोबत द्या. दुसरी, बाई एकटी आहे म्हणून सलगी करणारे हातही गावात असतात, कधी घरातच असतात. तो स्पर्श नको असतो आणि ती बोलली तर तिच्यावर विश्वास ठेवा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटतंय असं कुणी म्हणालं, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन लावून द्या. तो मोफत आहे.

आता करायचं काय? साधं आहे.

एक, तेराव्यानंतर दोघींनी पाळी लावून आठवड्यातून एकदा तिच्याकडं जायचं, वर्षश्राद्धापर्यंत. हातात तेलाची वाटी न्यायची. डोक्याला तेल लावता लावता बाई जे बोलते ते समोर बसून बोलत नाही.

दोन, बैठकीत ती कोपऱ्यात किंवा दाराशी बसणार नाही. गोलात, दोघींच्या मध्ये बसेल.

तीन, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तिला बोलवायचं आणि तिची इच्छा असेल तर कुंकू लावायचं. तिच्या हातून आपणही लावून घ्यायचं.

चार, घरातल्या सासूला विसरू नका. नातवंडाला आजीच्या कुशीत झोपू द्या. आई गेल्यावर सासरेही एकटेच असतात. पुरुषमाणूस बोलत नाही. लेकाला सांगा, बापाच्या खांद्यावर हात ठेव, पाय चेपून दे.

याला एक रुपया लागत नाही, बँकेत जावं लागत नाही. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटानं इतिवृत्तात लिहून आणायचं, आपल्या गटात अशा ताया किती आणि कुणाकडं कोण जाणार. बचतीच्या आकड्याआधी मी तेच विचारणार आहे.