पडद्यावरील गोल्फ : गुण आणि उणिवा

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी आपट्याच्या स्थानकांत शिरते, तेव्हां प्रवाशाच्या दृष्टीस भाताचीं खाचरें आणि पाताळगंगेचा परिसर पडतो. गोल्फ या खेळाचा तेथें मागमूसही नाहीं. तथापि त्याच गांवांतील एखादा मुलगा ओटीवर बसून मोबाईलच्या पडद्यावर स्कॉटलंडांतल्या हिरवळीवर चेंडू टोलवीत असेल, तर त्यांत आज नवल वाटण्याजोगें कांहीं राहिलेलें नाहीं. जें मैदान कधीं पायांखालीं आलें नाहीं, त्यावरील खेळ असा बोटांनीं खेळल्यानें मुलाच्या पदरांत काय पडतें आणि काय निसटतें, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे.

मूळ खेळ दिसावयास साधा आहे. चेंडू काठीनें मारीत न्यावयाचा व खळग्यांत पाडावयाचा. आपल्याकडील गोट्यांच्या गलीशीं त्याचें दूरचें नातें सांगतां येईल. परंतु गोट्यांस अंगण पुरतें. गोल्फच्या अठरा खळग्यांस साधारणतः शंभर ते दीडशें एकर भूमि लागते, आणि तिच्यावरील गवत उन्हाळ्यांत हिरवें राखण्यास पाणी लागतें तें निराळेंच. इंग्रजांनीं हा खेळ कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं आणला. चेंबूरचा क्लब १९२७ चा. पुढें पनवेल तालुक्यांतच, खारघर येथें, सिडकोनें गोल्फचें मैदान उभारलें. नेरूळच्या पाणथळ भागांत असेंच मैदान व त्यासोबत घरें बांधण्याचा बेत झाला, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्यास अटकाव केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जेथें एकेका एकरावर शेतकरी, कारखानदार आणि घरबांधणारा असे तिघे डोळा ठेवून आहेत, तेथें पडद्यावरील गोल्फचा पहिला गुण सांगावयास फार शोधावें लागत नाहीं : त्यास ना भूमि लागते, ना पाणी, ना सभासदत्वाची वर्गणी.

दुसरा गुण बुद्धीचा. १९८४ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें ‘गोल्फ’ नांवाचा खेळ काढला. त्याची आज्ञावली लिहिणारे सातोरू इवाता हे पुढें त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या खेळांत एकच कळ तीनदां दाबावयाची : पहिल्यानें फटका सुरू होतो, दुसऱ्यानें जोर ठरतो, तिसऱ्यानें नेम ठरतो. ही युक्ति इतकी सोयीची ठरली कीं, नंतरच्या अनेक खेळांनीं तिचें अनुकरण केलें. पण कळ दाबण्यापूर्वीं विचार करावा लागतो. वारा कोणत्या अंगाचा आहे, उतार किती आहे, लांबची काठी घ्यावी कीं आंखूड, पाण्यावरून चेंडू नेण्याचें धाडस करावें कीं वळसा घालावा, हें सर्व खेळाडूनेंच ठरवावयाचें. चेंडूस उलटी फिरकी मिळाली म्हणजे तो हवेंत अधिक वेळ तरंगतो व पडल्यावर फार धांवत नाहीं, हें पदार्थविज्ञानांतील सूत्र मुलाच्या मनांत पुस्तकापेक्षां लवकर ठसतें. शिवाय या खेळांत प्रतिस्पर्ध्यास पाडावयाचें नसतें. झुंज असते ती स्वतःच्या उतावळेपणाशीं.

आतां उणिवा. पहिली शरीराची. खऱ्या खेळांत माणूस अठरा खळगे पुरे करतांना कित्येक मैल चालतो. खांदे, कंबर, मनगटें यांचा मेळ बसविण्यास वर्षे लागतात. बोटाची चपळाई हा त्या साधनेचा पर्याय नव्हे. २००६ सालीं निन्टेन्डोनेंच ‘वी स्पोर्ट्स’ काढून हातवारे करून खेळण्याची सोय केली खरी. परंतु हातांतल्या हलक्या दांडक्यास काठीचें वजन नाहीं व पायांखालीं ओलें गवत नाहीं. उलट कल्पनेच्या मैदानावर अशक्यही शक्य होतें. टायगर वुड्स यांच्या नांवाच्या एका खेळांत दोष राहून पाण्यावर उभें राहून चेंडू मारतां येऊं लागला. कंपनीनें २००८ सालीं स्वतः वुड्स यांसच पाण्यावरून चालतांना दाखविणारी जाहिरात काढून ती गोष्ट हसण्यावारी नेली.

दुसरी उणीव याहून खोल आहे. गोल्फच्या मैदानावर बहुधा पंच जवळ नसतो. खेळाडू आपला दोष आपणच सांगतो. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स यांनीं, दुसऱ्या कोणास न दिसलेली, चेंडू किंचित् हलल्याची चूक स्वतःहून नोंदविली व एक फटका दंड घेतला. तो दंड नसता तर स्पर्धा त्यांचीच होती. बरोबरी झाली आणि अखेर ते एका फटक्यानें हरले. पडद्यावर असा प्रसंग येतच नाहीं. हिशेब यंत्र ठेवतें. त्यास फसवितां येत नाहीं, म्हणून प्रामाणिकपणाही दाखवितां येत नाहीं. ज्या घरीं मुलांस सचोटी शिकविण्याची चिंता आहे, तेथें ही वजाबाकी लहान समजूं नये.

तिसरी उणीव पैशाची. मोबाईलवरील कित्येक खेळ फुकट मिळतात. पण सरस काठ्या व चेंडू विकत घेण्याचा आग्रह मागाहून सुरू होतो. मग मैदानावरचा श्रीमंत-गरीब हा भेद पडद्यावर पुनः उभा राहतो, आणि पहिला गुणच पुसला जातो.

तेव्हां या खेळास घरांतून हांकलून देण्याचें कारण नाहीं. त्याचें स्थान मात्र ठरवून द्यावें. अर्धा तास नेमून द्यावा, खरेदीची वाट बंद ठेवावी. आणि तितकाच वेळ मुलानें अंगणांत गोट्यांनीं गल साधावी व आपले डाव कोणी पाहत नसतांना आपणच पाटीवर मांडावे. पडद्यानें नेम शिकवावा, पाटीनें सचोटी. एकाचें काम दुसऱ्यावर सोंपविलें, तर दोन्हीं अपुरींच राहतील.