एकोणीस वर्षांचा वैमानिक



फ्रान्सच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, एस्तव्हेल नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या गावकीच्या दफनभूमीत एक कबर आहे आणि तिच्यावरचा मजकूर फ्रेंचमध्ये आणि बंगालीत कोरलेला आहे. शूर योद्ध्याची ही कबर आहे, तिचा मान राखा, अशा आशयाचा. आजूबाजूला सगळी ख्रिस्ती नावं आणि त्यांच्यामध्ये ही बंगाली अक्षरं. ही कबर लेफ्टनंट इंद्रलाल रॉय याची आहे. २२ जुलै १९१८ रोजी त्याचं विमान कोसळलं, तेव्हा तो एकोणीस वर्षं आणि साडेसात महिन्यांचा होता. आज मला तुमच्याशी या मुलाबद्दल बोलायचं आहे. 'मुलगा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. एकोणिसाव्या वर्षी आपल्या घरातला पोरगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि आई त्याला जेवायला हाका मारत असते.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्याला झाला. वडील बॅरिस्टर. शिक्षणासाठी कुटुंब लंडनला गेलं आणि हा मुलगा तिथल्या सेंट पॉल्स शाळेत दाखल झाला. त्याला विमानांचं वेड लागलं. वहीत विमानांची चित्रं काढत बसायचा. त्याने काढलेली चित्रं आजही जतन केलेली आहेत. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. अठरा पूर्ण होताच त्याने विमानदलात जायचं ठरवलं. डोळ्यांच्या तपासणीत त्याला नापास केलं. तेव्हा त्याने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखवले आणि नवा दाखला आणला, असं सांगतात. १९१७ मध्ये तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाला.

ती विमानं कशी होती, हे जरा डोळ्यांपुढे आणा. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढे इंजिन, पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अगदी जवळ. बसायची जागा उघडी. वर हाडं गोठवणारी थंडी. आणि ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिलेलं नसे. विमान पेटलं तर उडी मारायची सोय नाही. विमानाचं जे होईल तेच माणसाचं.

डिसेंबर १९१७ मध्ये इंद्रलालचं विमान कोसळलं. तो इतका जखमी झाला होता की, त्याला मेलेला समजून शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर त्यानेच आतून दार ठोठावलं, अशी हकीकत सांगितली जाते. ती अक्षरशः तशीच घडली असेल किंवा सांगता सांगता थोडी वाढली असेल. पण अपघात खरा आणि त्यानंतर अनेक महिने तो आघाडीपासून दूर राहिला, हेही खरं. तिथून तो परत येऊ शकला असता. घरी सांगायला कारणही होतं. पण तो १९१८ च्या जूनमध्ये पुन्हा फ्रान्समध्ये पोचला, चाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये.

पुढचा हिशेब छोटा आहे. ६ जुलै ते १९ जुलै या चौदा दिवसांत त्याच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. काही त्याने एकट्याने मिळवलेले, काही सोबत्यांच्या साथीने. पाच विमानं पाडणाऱ्याला वैमानिकांच्या भाषेत 'एस' म्हणतात. त्या महायुद्धातला हा एकमेव हिंदी एस. आणि तीनच दिवसांनी, २२ जुलैला, कार्व्हँ गावाच्या परिसरात जर्मन विमानांशी झालेल्या झुंजीत त्याचं विमान पेट घेऊन खाली आलं. सप्टेंबरमध्ये त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. पदक घ्यायला तो नव्हता.

आता एक अवघड प्रश्न. हा मुलगा कोणासाठी मेला? ज्या राजाच्या नावाने तो लढला, त्याच राजाच्या राज्यात त्याचे देशबांधव गुलाम होते. त्याच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या. त्या युद्धात तेरा लाखांवर हिंदी माणसं समुद्रापार गेली, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परतली नाहीत. आपल्या साताऱ्याकडच्या गावांतूनही माणसं गेली. अपशिंग्याला तर लोक आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. स्वातंत्र्यानंतर या सगळ्यांचं काय करायचं, हे आपल्याला नीट कळलं नाही. ते हुतात्मे म्हणावेत तर स्वातंत्र्यासाठी लढले नव्हते. परके म्हणावेत तर आपल्याच घरातले होते. मग आपण गप्प बसलो.

आणि ज्या दारातून इंद्रलाल आत गेला, ते दार हिंदी माणसाला सहज उघडत नव्हतं. सरदार हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. ब्रिटिश विमानदलाने आधी त्यांना घेतलं नाही. ते फ्रान्सला गेले, रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच विमानदल त्यांना घ्यायला तयार झालं, तेव्हा कुठे त्यांच्या प्राध्यापकाच्या पत्राने ब्रिटिशांचा दरवाजा उघडला. मलिक पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण घालून उडत. ते जगले आणि स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्याच फ्रान्समध्ये गेले. एरॉल सेन नावाचा आणखी एक बंगाली तरुण जर्मनांच्या कैदेत पडला, तोही जगला.

चौथं नाव ऐकून तुम्ही कान टवकाराल. वेलिणकर. श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचा तरुण. गोव्यातल्या वेलिंग गावाची आठवण करून देणारं हे आडनाव आपल्या किती ओळखीचं! केंब्रिजला शिकलेला हा मुलगा तेवीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होता. जून १९१८ च्या अखेरीस त्याचं विमान शत्रूच्या बाजूला पडलं आणि ३० जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना, तो वारला. वय तेवीस. जर्मनांनी त्याला रीतसर पुरलं, वर क्रूस लावला. पण नाव चुकीचं लिहिलं. त्यांच्या जिभेवर 'वेलिणकर' कसं बसणार? त्यामुळे युद्ध संपलं तरी हा मुलगा बेपत्ताच राहिला. पुढे शोध घेतला गेला, दुसऱ्याच नावाखाली झोपलेला माणूस आपला वेलिणकर आहे हे ठरलं, आणि आज हँगार्डच्या युद्ध दफनभूमीत त्याच्या स्वतःच्या नावाचा दगड आहे.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ थांबलो. मी मुसलमान आहे. कबरीशी आमचा संबंध लहानपणापासूनचा. शबे-बरातीच्या रात्री वडिलांचं बोट धरून कब्रस्तानात जायचं, आजोबांच्या कबरीवर फूल ठेवायचं, फातेहा म्हणायचा. वडील कबरीपाशी नाव घ्यायचे, नुसतं 'अब्बा' नाही, पूर्ण नाव. कारण दुआ पोचायला नाव लागतं, असं ते म्हणत. आमच्या जुन्या दगडांवर उर्दू आहे. अलीकडच्या काहींवर मराठी दिसते, कारण पोरांना आता तीच वाचता येते. मला त्यात काही उणं वाटत नाही. जी भाषा माणूस बोलला, जिच्यात त्याला हाक मारली गेली, तीच त्याच्या उशाशी असावी.

इंद्रलालच्या कबरीवरची बंगाली मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. तो इंग्रजांच्या गणवेशात मेला, फ्रान्सच्या मातीत पुरला गेला, त्याला पदक इंग्लंडच्या राजाने दिलं. हिंदू घरातला हा मुलगा, त्याच्या नशिबी ना अग्नी आला ना गंगा. पण त्याच्या माणसांनी दगडावर आपली भाषा ठेवली. युद्ध कोणाचंही असो, मुलगा आमचा आहे, एवढं ती अक्षरं सांगतात.

त्याच्या आईचं नाव ललिता रॉय. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून मोठी मिरवणूक निघाली होती. तिच्यात साडी नेसून चाललेल्या हिंदी स्त्रियांमध्ये त्या होत्या. तेव्हा इंद्रलाल बारा वर्षांचा होता. मुलगा गेल्यानंतरही त्या बाई थांबल्या नाहीत, हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलत राहिल्या. ज्या साम्राज्यासाठी मुलगा गेला, त्याच साम्राज्याकडे आई हक्क मागत होती. एकाच घरातल्या या दोन गोष्टी. त्यांचा मेळ घालायची घाई मी करणार नाही. त्या काळच्या माणसांना तो घालत बसण्याची सवड नव्हती.

१९३२ मध्ये भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. १९५४ मध्ये त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते सुब्रतो मुखर्जी, इंद्रलालच्या नात्यातलेच. १९९८ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने इंद्रलालचं तिकीट काढलं. कलकत्त्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे. म्हणजे आपण अगदीच विसरलो नाही. पण तिकिटावरचा चेहरा आणि रस्त्यावरची पाटी यातून तो मुलगा दिसत नाही. आणि वेलिणकरच्या नावाने तर आपल्याकडे साधी हळहळही ऐकू येत नाही.

युद्धात मेलेल्या तरुणांना आपण फार लवकर पुतळे करून टाकतो. पुतळ्याला वय नसतं. त्याला विमानाची चित्रं काढायचा नाद नसतो, त्याने मोटरसायकल विकलेली नसते. पुतळा पाहून दुसऱ्या मुलांना पुढच्या युद्धावर पाठवणं सोपं जातं. शौर्याचं कौतुक जरूर करावं, मीही करतो. डोळे अधू असूनही आभाळात गेलेल्या त्या पोराच्या हिमतीला माझा सलाम आहे. पण त्याचबरोबर त्याने पाडलेल्या विमानांतही कुणाची तरी विशी-बाविशीतली मुलं होती, याचीही आठवण ठेवावी. त्यांच्या आयांनीही जर्मन भाषेत तशाच हाका मारल्या असतील.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या गावात, वाड्यात, नात्यात असा कुणी लढाईवर जाऊन न आलेला असेल, तर त्याचं पूर्ण नाव शोधा. वय शोधा. त्याला काय आवडायचं, हे सांगणारं कुणी उरलं असेल तर ऐकून घ्या आणि आपल्या भाषेत लिहून ठेवा. बरोबर शुद्धलेखनात लिहा, कारण एका चुकीच्या अक्षराने माणूस हरवतो, हे वेलिणकरच्या बाबतीत घडलेलं आहे.